माशाच्या मांसातले पिवळे दाणे

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मे महिन्याच्या शेवटी यजमानांनी हातोदकडून येताना यशवंत सागरातला म्हणून दीड किलोचा मरळ आणला; इथले विक्रेते त्याला सावल म्हणतात. विळीवर तुकडे करताना कल्ल्यांजवळ आणि शेपटीकडच्या मांसात साबुदाण्याएवढे पिवळट दाणे दिसले. एक दाणा फुटला, तर त्यातून चपटी अळी निघून ताटलीत हलायला लागली. सासूबाईंनी सगळा मासा टाकायला लावला. पोटातली घाण मात्र त्याआधीच मांजरीला घातली होती. आदल्या रविवारी त्याच विक्रेत्याचा मासा आम्ही तव्यावर तळून खाल्ला होता. तो मासा विषारी होता का? त्या तलावाचं पाणी शहरात येतं, त्यातून हे जंत येतील का? मांजरीला काही होईल का? आणखी एक. माझ्या भावाने देपालपूरजवळ शेतातल्या अर्ध्या एकराच्या तळ्यात गेल्या श्रावणात रोहू, कतला, मृगल आणि गवत्या (ग्रास कार्प) मिळून ५,००० बोटुकल्या सोडल्या. बरेच मासे डोकं मोठं आणि अंग बारीक असे राहिलेत, काहींची पोटं फुगलीत. पोटॅशियम परमँगनेट टाकून फरक पडला नाही. त्यालाही हेच जंत असतील का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, मासा विषारी नव्हता. आदल्या रविवारचा मासा काट्यापर्यंत शिजला असेल, तर त्याचीही काळजी सोडा. सासूबाईंचं चुकलं असं म्हणणार नाही, दाणे दोन्ही बाजूंच्या मांसात पसरलेले असतील तर तो मासा टाकलेलाच बरा. दोन-चारच असते तर तेवढे काढून, बाकीचा नीट शिजवून खाता आला असता. कच्ची आतडी मांजरीला घातली, ते मात्र व्हायला नको होतं. त्याचं पुढे सांगतो.

पिवळट, लांबट, ३ ते ६ मिलिमीटरचा दाणा, तोही कल्ल्यांजवळ आणि मांसात, आणि फोडल्यावर हलणारी चपटी अळी हे वर्णन क्लिनोस्टोमम नावाच्या पर्णकृमीशी, म्हणजे पानासारख्या चपट्या जंताशी, जुळतं. दाणा म्हणजे त्या कृमीच्या अर्धवट वाढलेल्या पिल्लाभोवतीचा कोष. बाहेर आलेली अळी आखडते, लांबते, पुन्हा आखडते. दहापट भिंगाखाली धरली तर तोंडाशी एक छोटं चूषक, म्हणजे चिकटून धरायची वाटी, दिसतं, आणि त्याच्या मागे, पोटाच्या बाजूला, त्याहून मोठं वाटोळं दुसरं. एकामागे एक अशी दोन चूषकं दिसली की हा पर्णकृमी. गोलकृमीला किंवा फितीसारख्या पट्टकृमीला ती नसतात.

हा कृमी मुळात माशाचा नाही, बगळ्याचा आहे. मोठा झालेला कृमी बगळ्याच्या तोंडात आणि घशात चिकटून राहतो. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरतं, तिथे एकाची शेकडो होतात, आणि शेपटीवाली बारीक पिल्लं पुन्हा पाण्यात सुटतात. त्यांच्या हातात फार वेळ नसतो. साधारण दिवसभरात मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला तर कातडी भेदून आत शिरतात, मांसात कोष करून बसतात आणि तो मासा एखाद्या बगळ्याने गिळण्याची वाट पाहतात. ही वाट वर्षानुवर्षं चालू शकते. तोवर मासा खातो-पितो, वाढतो. म्हणून बाजारात तो तरतरीत दिसतो आणि विक्रेत्यालाही वरून काही कळत नाही. त्याने तुम्हाला फसवलं असं धरू नका.

यशवंत सागरात हे चक्र चालायला सगळं जुळून आलेलं आहे. गंभीर नदी अडवून शहराच्या पाण्यासाठी केलेला हा होळकरांच्या काळातला तलाव. काठाला लांबच लांब उथळ पाणी, गवत, बेशरमी, आणि त्यात बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे, सारस. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो या पक्ष्यांमुळेच. पक्षी भरपूर असलेल्या जुन्या, उथळ तलावात असे कृमी असणारच. पाणी घाण झालं म्हणून ते आले असं नाही. गोगलगाय, मासा आणि पक्षी तिन्ही जिथे नांदतात तिथेच हे चक्र पुरं होतं.

आता मे महिन्यातच आणि मरळातच का, हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढे मासा निवडताना उपयोग होईल. उन्हाळ्यात तलाव आटतो. उरलेल्या उथळ पाण्यात मासे, गोगलगायी आणि बगळे एकमेकांच्या जवळ येतात, आणि पाणी तापलं की गोगलगायीतून पिल्लं सुटण्याचा वेगही वाढतो. मरळ हवा घेऊन जगणारा मासा, काठच्या गवतात दबा धरून बसणारा. गोगलगायींचा मुक्कामही तिथेच. शिवाय तो लहान मासे आणि बेडूक खातो, म्हणजे त्यांच्या अंगातले कृमीही त्याच्याकडे येतात. पडीन आणि शिंगाळा हेही असेच शिकारी मासे, त्यांच्यात काही ना काही सापडतंच. कतला मधल्या-वरच्या मोकळ्या पाण्यात राहतो, त्याच्या मांसात हे पिवळे दाणे कमी; पण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यात सायक्लॉप्स असतो, आणि सायक्लॉप्समधून पट्टकृमी नि गोलकृमी त्याच्या पोटात जातात. मृगल आणि कॉमन कार्प तळाचा गाळ चाळतात, गाळातल्या बारीक लाल गांडुळांमधून येणारे कृमी त्यांना लागतात. थोडक्यात, मासा काय खातो आणि कुठे राहतो ते कळलं की त्याच्यात काय सापडेल याचा अंदाज बांधता येतो. मे महिन्यातल्या उथळ तलावातला मरळ घ्यायचाच असेल, तर तो घरी येऊन उजेडात तपासायचा हे धरूनच घ्या.

तपासणं अवघड नाही. कल्ल्याचं झाकण उचलून आतली बाजू पाहा, परांच्या मुळाशी पाहा. पिवळे दाणे कातडीखाली असले तर तिथे उठून दिसतात. मासा आणल्याबरोबर पोट साफ करा, तसाच फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी नको. मासा मेल्यावर काही गोलकृमी पोटाच्या पोकळीतून निघून मांसात शिरतात, आणि सकाळी पोटाबरोबर निघून गेला असता तो कृमी संध्याकाळी तुकड्यात सापडतो. पोट चिरताना सुरीचं टोक वर ठेवा, आतडं फुटू देऊ नका. मग मधल्या काट्याला लागून दोन्ही बाजू सोडवा आणि पातळ बाजू दिव्यासमोर धरा. मोबाइलचा दिवा पुरतो. कोष असेल तिथे उजेड अडतो आणि डाग दिसतो. तो डाग बोटाने दाबून फोडू नका, सुरीच्या टोकाने भोवतीच्या थोड्या मांसासकट कापून काढा. एका बाजूला दहा-बारा निघाले, किंवा मांस बोटाखाली लिबलिबीत लागलं, तर तो मासा सोडून द्या.

यानंतरचं महत्त्वाचं काम चुलीचं. माशाच्या सर्वांत जाड भागात, काट्याला लागून, ६३ अंश सेल्सियस तापमान पोचलं की हे कृमी मरतात. रश्शात हे सहज होतं. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचे तुकडे रस्सा खळखळू लागल्यावर आठ-दहा मिनिटं शिजले की काम झालं. फसगत होते ती तव्यावर. आच मोठी, वरून रवा लावलेला, दोन मिनिटांत बाहेरून खमंग लाल रंग येतो आणि आतलं मांस अजून काचेसारखं अर्धपारदर्शक राहतं. जाड तुकड्याला आच मध्यम ठेवा, झाकण घाला, आणि उतरवण्याआधी एक तुकडा काट्याजवळ उघडून पाहा. मांस पांढरं, अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटलं पाहिजे. अख्खा मासा भाजायचा असेल तर दोन्ही अंगांना काट्यापर्यंत चिरा द्या. मायक्रोवेव्हवर यासाठी भिस्त ठेवू नका, त्यात उष्णता सारखी पोचत नाही.

हळद, मीठ, लिंबू, व्हिनेगर यांनी कृमी मरत नाहीत. लिंबाने मांस पांढरं पडतं आणि शिजल्यासारखं दिसतं, एवढंच. गोठवून कृमी मारायचे तर उणे २० अंशांवर पूर्ण ७ दिवस लागतात. घरातल्या फ्रीजचा वरचा कप्पा दिवसातून दहा वेळा उघडला जातो आणि एकदारी फ्रीजमध्ये तर तेवढी थंडी होतच नाही, म्हणून घरच्या बर्फावर विसंबून कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाऊ नये. विळी, पाट आणि हात साबणाने आणि कढत पाण्याने धुतल्याशिवाय त्याच विळीवर कांदा-काकडी चिरू नका. मासा शिजतो, कोशिंबीर शिजत नाही. घराघरांत नेमकी इथेच चूक होते.

मागच्या रविवारचा मासा आत कच्चा राहिला होता अशी शंका असेल, तर काय पाहायचं? क्लिनोस्टोमम माणसात क्वचितच आढळतो. जपान आणि कोरियात कच्चे गोड्या पाण्यातले मासे खाणाऱ्यांमध्ये त्याची नोंद आहे. खाल्ल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत घसा खवखवतो, घशात काहीतरी हलल्यासारखं वाटतं, खोकला येतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर कृमी चिमट्याने काढतात आणि त्रास थांबतो. तुमच्या पत्रात असं काही नाही, म्हणजे तुम्ही सुटलात. जंताची गोळी म्हणून अल्बेंडाझोल आपल्या मनाने घेऊ नका, पर्णकृमीसाठी ते औषध नव्हे. आणि कच्चा मासा पोटात गेल्यानंतर पोटात जोराची कळ आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि मासा खाल्ल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

हे शेवटचं इतक्या आवर्जून लिहितो, कारण सगळेच कृमी क्लिनोस्टोममइतके सौम्य नाहीत. मरळात, वाम माशात कधी पोटाच्या पोकळीत किंवा मांसात वेटोळं करून बसलेला लाल गोलकृमी सापडतो, उलगडला तर बोटभर लांब. तो युस्ट्रॉन्जिलिडिस. अमेरिकेत मेरीलँडमध्ये आमिषाचे लहान मासे जिवंत गिळलेल्यांच्या आतड्याला या कृमीने भोक पाडल्याची नोंद १९८२ मध्ये झाली आहे. थायलंड, लाओस या देशांत कच्च्या माशातून यकृतात जाणारा ओपिस्थॉर्किस पर्णकृमी तर पित्तनलिकेच्या कर्करोगाचं कारण ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला तसं जाहीर केलं. आपल्याकडे मराठी घरांत कच्चा मासा खाण्याची रीत नाही, हे आपलं मोठं संरक्षण आहे. ते अर्धकच्च्या तळणीने घालवू नये.

बाकी माशात दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींना घाबरायचं कारण नाही. रोहूचं पोट उघडलं की दोऱ्यासारखं बारीक, वेटोळ्यावर वेटोळं असलेलं आतडं बाहेर येतं, माशाच्या लांबीच्या कितीतरी पट. वनस्पती खाणाऱ्या माशाचं आतडं असंच लांब असतं. पुष्कळजण त्यालाच जंतांचा गुंता समजून मासा परत करतात. मरळाच्या जठराशी बोटासारख्या दोन पांढऱ्या पिशव्या असतात, त्या त्याच्या पचनाच्याच. कतला-रोहूच्या पोटातला दोन कप्प्यांचा पांढरा फुगा हवेचा. पडीन माशाच्या फुग्यात मात्र दोन-चार सेंटीमीटरचा चपटा, पानाएवढा पसरट कृमी खरोखरच सापडतो, आयसोपॅरॉर्किस नावाचा. त्याचीच पिल्लं इतर माशांच्या मांसात शिरली की शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात. तेवढा भाग कापून टाका. आतड्याच्या आत असलेले पांढरे-लाल जंत, आतड्याला काटेरी तोंडाने चिकटलेले जंत, हे माशाच्या आतड्यातच जगणारे. आतडं आपण खात नाही, त्यामुळे ते आतड्याबरोबर जातात.

आता मांजर. बगळ्याच्या घशात राहणारा हा कृमी मांजरीच्या घशातही क्वचित सापडतो, आणि मासे खाणाऱ्या मांजरीला यकृतातले पर्णकृमी नि ग्नॅथोस्टोमासारखे गोलकृमी लागू शकतात. ती खोकत असेल, लाळ गाळत असेल, खाणं सोडलं असेल तर लगेच, नाहीतर सवडीने, पशुवैद्याला दाखवा आणि कच्च्या माशाचं पोट खाल्लं हे सांगा. नेहमीची जंताची गोळी बहुधा पायरँटेलची असते, ती गोलकृमींसाठी. पर्णकृमींसाठी वेगळं औषध लागतं आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. यापुढे मांजरीला द्यायचं ते पाण्यात दहा मिनिटं उकळून, गार करून द्या. आणि तलावाच्या काठी मासा साफ करत असाल तर आतडी पाण्यात किंवा काठावर फेकू नका. बगळा टिपतो, आणि कोषातल्या कृमीला जे हवं होतं ते आयतं मिळतं. खड्डा करून खोल पुरा.

पाण्याबद्दल. इंदूरचं बहुतेक पाणी जलूदहून येणारं नर्मदेचं आहे. यशवंत सागराचं पाणी काही भागाला जातं, तेही गाळून आणि क्लोरीन घालून. मांसातला कोष पाण्यातून येत नाही, तो माशातच असतो. पाण्यात सुटलेली पिल्लं माशाची कातडी शोधत असतात, पिणाऱ्याच्या पोटात ती तग धरत नाहीत. धोका असतो तो न गाळलेलं तळ्याचं पाणी पिण्यात, कारण त्यातल्या सायक्लॉप्समधून इतर काही कृमी माणसात येतात. नारू हा त्यातलाच. माळव्यात, खानदेशात विहिरी-बारवांच्या पाण्यातून नारू झालेली माणसं घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. दुहेरी फडक्याने पाणी गाळण्याची सवय आणि बारवांची सुधारणा यांनी तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नळाचं पाणी तुम्ही निर्धास्त प्या. भावाच्या तळ्यावर काम करणाऱ्या माणसांना मात्र तळ्याचं पाणी तसंच पिऊ देऊ नका.

भावाच्या तळ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात जंतांच्या आधी एक आकडा डोळ्यात भरतो. अर्धा एकर म्हणजे ०.२ हेक्टर. मिश्र मत्स्यपालनात, म्हणजे एकाच तळ्यात अनेक जातींचे मासे वाढवताना, हेक्टरी ५,००० ते ६,००० बोटुकल्या सोडतात. म्हणजे त्यांच्या तळ्याला १,००० ते १,२०० पुरे होत्या. त्यांनी चार-पाचपट सोडल्या. डोकं मोठं आणि अंग बारीक ही सर्वांत आधी उपासमारीची खूण आहे. जंत असले तरी उपाशी, दाटीत राहणाऱ्या माशालाच ते जास्त पिडतात. म्हणून औषध शोधण्याआधी मासे कमी करा.

तरी जंत आहेत की नाहीत, हे अंदाजाने ठरवू नका, दहा मासे चिरून पाहा. पाच बारीक, पाच बरे घ्या, नुसते आजारी घेतले तर चित्र चुकतं. छोट्या कात्रीने गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत पोट उघडा. पोट उघडताक्षणी आतड्याच्या बाहेर, पोकळीतच पांढरी, सपाट, बिनसांध्याची फीत दिसली, तर तो लिग्युला. त्याने अंडकोश दबतो, मासा गाभोळी धरत नाही आणि पोट फुगतं. या अवस्थेवर तळ्यात टाकायचं औषध नाही. फुगलेले मासे काढून पुरायचे. फीत नसेल तर आतडं सोडवून पांढऱ्या बशीत स्वच्छ पाण्यात ठेवा, बशीखाली काळा कागद घातलात तर काचेची बशी आणखी बरी, आणि आतडं लांबीत चिरा. पहिल्या भागात पांढरे, पेरं पेरं असलेले पट्टकृमी गुच्छाने चिकटलेले दिसले आणि भिंगाखाली त्यांचं डोकं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंना खोल खाच असलेलं दिसलं, तर तो आशियाई पट्टकृमी. गवत्या मासा आपल्या देशात १९५९ मध्ये हाँगकाँगहून आणला. हा कृमी मूळचा त्याच्याच प्रदेशातला, आणि या माशाबरोबरच तो जगभर पसरला. २५ अंशांच्या वर पाणी असलं की त्याची वाढ झपाट्याने होते. मोठ्या माशाला तो फारसं काही करत नाही, पण बोटाएवढ्या पिल्लाचं आतडं तो पार बंद करू शकतो. दहा माशांत एखाद-दुसरा कृमी सापडणं नेहमीचं आहे. बहुतेक बारीक माशांच्या आतड्यात गुच्छ सापडले तरच त्याला कारण धरा. आणि पोटातून कृमीऐवजी पाणी किंवा रक्ताळ द्रव निघाला, खवले उभे राहिलेले असले, तर तो जिवाणूंचा जलोदर, कृमींचा नव्हे.

पोटॅशियम परमँगनेटने फरक पडणार नव्हताच. ते पाण्यात आणि माशाच्या बाहेरच्या अंगावर काम करतं. आतड्यातल्या किंवा मांसातल्या कृमीपर्यंत ते पोचत नाही. पुन्हा पुन्हा टाकलं तर पाण्यातलं हिरवं शेवाळ मरतं, ते कुजताना प्राणवायू खातं, आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. मिठाच्या पाण्यात बुडवणंही तसंच, बाहेरच्या जिवांपुरतं. शेतातलं कीटकनाशक तळ्यात टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. सायपरमेथ्रिनसारखं औषध माशाचा चारा असलेले सूक्ष्म जीव मारतं आणि मासाही. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध खाद्यातून चालतं, पण खायच्या माशाला ते मात्रा ठरवून, विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते विचारून, पशुवैद्याच्या किंवा मत्स्य अधिकाऱ्याच्या देखरेखीतच द्यायचं असतं. मांसातल्या पिवळ्या दाण्यांसाठी म्हणून कोणी ते विकत असेल तर घेऊ नका. कोष मेला तरी दाणा मांसातच राहतो आणि गिऱ्हाईक तो पाहून मासा परत करतं.

खरी संधी आत्ता आहे, पाऊस सुरू होण्याआधी. भावाला सांगा, सगळे मासे काढून विकून टाका, तळं पूर्ण उपसा आणि तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या. पट्टकृमीचं चक्र सायक्लॉप्सवर आणि पर्णकृमीचं गोगलगायीवर चालतं, आणि वाळवण दोघांनाही मारतं. झाकणवाल्या मोठ्या गोगलगायी मात्र गाळात शिरून झाकण लावून पडून राहतात. म्हणून गाळ पुरता कोरडा होण्याआधी, ओला असतानाच, चुनकळी पसरायची. हेक्टरी २५० किलोच्या हिशेबाने अर्ध्या एकराला ५० किलो, आणि जिथे पाणी साचलेलं आहे त्या खळग्यांत हात सैल सोडून. माळव्याची काळी माती मुळातच अल्कधर्मी असते, त्यामुळे इथे चुना सामू (पीएच) वाढवायला नको, जीव मारायला हवा. विझलेला जुना चुना आणला तर हे काम होणार नाही. पसरताना डोळ्यांवर चष्मा, नाकाला फडकं, हातात रबरी मोजे, आणि वाऱ्याकडे पाठ. मग १०-१५ दिवस थांबून पाणी घ्या. काठावरचं गवत आणि बेशरमी आधीच उपटून काढा, गोगलगाय अंडी तिथेच घालते.

पाणी भरल्यावरही गोगलगायी येतील. केळीची किंवा खजुराची पानं जुडी बांधून संध्याकाळी काठच्या पाण्यात सोडा, सकाळी उचला. पानांना चिकटलेल्या गोगलगायी उन्हात टाका. मोरचूद टाकून गोगलगायी मारण्याच्या फंदात पडू नका, मोरचुदाची मात्रा जरा चुकली तर मासे आधी जातात. नाल्याचं पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी दुहेरी बांधा, म्हणजे रानमासे येणार नाहीत. मत्स्यबीज सरकारी किंवा खात्रीच्या बीजकेंद्रातूनच घ्या, तलावातून जाळ्याने उपसलेलं स्वस्त बीज नको. घेताना वीस-पंचवीस पिल्लांतली चार-पाच तिथेच चिरून पाहायला लाजू नका. दहा सेंटीमीटरच्या १,००० ते १,२०० बोटुकल्या, कतला ४, रोहू ३, मृगल ३ या प्रमाणात सोडा. या वर्षी गवत्या वगळला तर बरं. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के रोज. १,००० मासे सरासरी १०० ग्रॅमचे झाले म्हणजे १०० किलो मासा, म्हणजे दिवसाला २ ते ३ किलो खाद्य. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला आणि तळवा जेमतेम दिसला तर नैसर्गिक चारा ठीक आहे. तळवा लख्ख दिसला तर पाण्यात चारा नाही.

बगळ्यांना मारू नका, विष ठेवू नका. कायद्याने ते संरक्षित आहेत, आणि बगळा मारून गोगलगायीतला कृमी जात नाही. अर्ध्या एकराच्या तळ्यावर हातभर अंतराने दोऱ्या ताणल्या की बगळे उतरत नाहीत.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, मासे अंडी घालण्याचा तो काळ. जुलैत कोणी यशवंत सागरातला ताजा मरळ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. पुन्हा मासा आणाल तेव्हा असे दाणे सापडले आणि खात्री करून घ्यायची असेल, तर महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयात नमुना दाखवता येईल. कोष फोडून अळी आधी गरम पाण्यात टाका म्हणजे ती आखडून न राहता सरळ पसरते, मग ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घाला. मासा अख्खा न्यायचा असेल तर बर्फात न्या, गोठवू नका, गोठवल्याने अळी फाटते. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच टाका: मासा कोणता, कुठल्या पाण्यातला, कृमी अंगात कुठे होता, तारीख. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.